मोठा आरव्ही ट्रेलर ओढायचा आहे: कॅलिफोर्नियात नेमकं कुठलं लायसन्स लागतं?

भटकंती_फ्रीमॉन्ट

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि अगदी निकडीचा आहे.

आम्ही फ्रीमॉन्टला राहतो. दोन मुलं शाळेत आहेत आणि माझी आई दर उन्हाळ्यात नाशिकहून येते. तंबूत जमिनीवर झोपणं तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, आणि तिला घरी ठेवून आम्ही फिरायला जावं हे मनाला पटत नाही. म्हणून आरव्ही ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरतंय. नवऱ्याकडे थ्री-क्वार्टर टन (एक टनीपेक्षा एक पायरी हलका) डिझेल पिकअप ट्रक आहे.

दोन ट्रेलर मनात भरलेत. पहिला साधा, मागच्या हिचला जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलर. त्याच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा) १०,८०० पौंड आहे. दुसरा फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायचा. त्याचा १३,९९५. विक्रेता म्हणतो, "दोन्हीला तुमचं साधं क्लास सी, म्हणजे रोजचं कारचं लायसन्स, चालतं, कोणी विचारत नाही." ऑफिसातला एकजण म्हणतो की २६,००० पौंडांच्या आत काहीच लागत नाही. यूट्यूबवर तिसरंच काहीतरी सांगतात.

कोणी विचारत नाही हे मला उत्तर म्हणून चालणार नाही. गाडीत आई आणि मुलं असणार आहेत. कायद्याने काय लागतं ते कोणी नीट सांगाल का?

ऑस्टिनकर

ताई, आम्ही टेक्सासात फिफ्थ व्हीलच ओढतो, साध्या क्लास सीवर. तुमचे सहकारी बरोबर सांगतायत. ट्रक आणि ट्रेलरचं मिळून रेटिंग २६,००० पौंडांच्या वर गेलं आणि ट्रेलर १०,०००च्या वर असेल तरच क्लास ए, म्हणजे जड जोडगाड्यांचं लायसन्स, लागतं. तेही साधं, कमर्शियल नव्हे. बिनधास्त घ्या.

सॅक्रामेंटो_काका

ऑस्टिनकर, तुमचा नियम टेक्सासपुरता अगदी बरोबर आहे. पण तो कॅलिफोर्नियात लावला तर या ताई अडचणीत येतील. २६,००० हा आकडा संपूर्ण अमेरिकेचा नियम असल्यासारखा फिरतो, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

तो आकडा मुळात कमर्शियल लायसन्ससाठीच्या फेडरल नियमातला आहे. जोडगाडीचं एकत्रित रेटिंग २६,००१ पौंड किंवा जास्त आणि ओढलेल्या गाडीचं १०,०००हून जास्त, की कमर्शियल क्लास ए. हा नियम धंद्यासाठी चालवणाऱ्यांना आहे. स्वतःच्या कुटुंबाला घेऊन सहलीला निघालेल्या माणसाला फेडरल सरकार हे कमर्शियल लायसन्स (सीडीएल) मागत नाही. मात्र अशा माणसाकडे कुठलं बिनव्यापारी लायसन्स हवं, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. टेक्सासने तोच २६,०००चा साचा घेतला. कॅलिफोर्नियाने नाही घेतला.

कॅलिफोर्नियात एकत्रित वजनाआधी ट्रेलरचा आकडा बघतात, आणि ट्रेलर कुठल्या जातीचा आहे तेही बघतात. व्हेइकल कोडचं कलम १२८०४.९ यासाठीच आहे. साध्या क्लास सीवर १०,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरपर्यंतचा एक ट्रेलर ओढता येतो. ट्रॅव्हल ट्रेलर त्याच्या वर गेला की नॉन-कमर्शियल क्लास ए. फिफ्थ व्हीलला मात्र मधली एक पायरी आहे: १०,०००च्या वर पण १५,०००पर्यंत असेल तर क्लास सी कायम ठेवून त्यावर एक एन्डोर्समेंट, म्हणजे जादा परवानगीची नोंद, घ्यायचं, त्यासाठी फक्त लेखी परीक्षा. १५,०००च्या वर गेला की तिथेही क्लास ए.

म्हणजे ताई, तुमचा १०,८०० वाला ट्रॅव्हल ट्रेलर दिसायला हलका असला तरी त्याला क्लास ए लागेल. आणि १३,९९५ वाला फिफ्थ व्हील, जो तीन हजार पौंडांनी जड आहे, तो एका लेखी परीक्षेवर ओढता येईल. विक्रेत्याचं म्हणणं दोन्ही बाबतीत चुकीचं आहे.

भटकंती_फ्रीमॉन्ट

काका, खूप आभार. हे इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं.

एक शंका. १०,८०० वाल्या ट्रेलरचं रिकामं वजन माहितीपत्रकात ८,२०० दिलंय. आम्ही त्यात फार सामान भरणार नाही. काट्यावर नेलं तर १०,०००च्या आतच भरेल. मग तो १०,०००च्या आतला धरता येणार नाही का?

सॅक्रामेंटो_काका

नाही धरता येणार. कायदा रेटिंग बघतो. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे कारखान्याने ठरवलेलं जास्तीत जास्त भरलेलं वजन. ट्रेलर रिकामा असला तरी तो आकडा बदलत नाही.

ट्रेलर बघायला जाल तेव्हा विक्रेत्याच्या कागदावर विसंबू नका. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या अर्ध्या भागात, बाहेरच्या भिंतीवर खाली एक स्टिकर असतो. गुडघ्यावर बसून वाचावा लागतो. त्यावर बनावटीची तारीख, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), जीव्हीडब्ल्यूआर, प्रत्येक आसाचं रेटिंग, टायरचं माप आणि हवेचा दाब, सगळं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. लायसन्सचा निर्णय त्या स्टिकरवर होतो. दुसरा एक पिवळा स्टिकर दाराजवळ असतो. आत किती पौंड सामान भरता येईल ते त्यावर असतं.

बाजारात ९,९९५ असा आकडा लिहिलेले बरेच ट्रेलर दिसतील. तो आकडा १०,०००च्या रेषेच्या आत राहण्यासाठीच असतो.

कोथरूड_ते_कॅल्गरी

वाचतोय. कॅनडातही प्रांतागणिक वेगळं आहे. आधी ब्रिटिश कोलंबियात होतो. तिथे ४,६०० किलोच्या वरचा राहायचा ट्रेलर ओढायचा तर क्लास ५ लायसन्सवर वेगळं हाउस ट्रेलर एन्डोर्समेंट लागतं.

वाट_चुकलेला_पांथस्थ

काका, मग मोटरहोमचं काय? आम्ही मित्र मिळून भाड्याने घ्यायचा विचार करतोय. ती तर ट्रेलरपेक्षा कितीतरी मोठी असते.

सॅक्रामेंटो_काका

मोटरहोमला कॅलिफोर्निया लांबी लावतं. कायद्यात तिला हाउस कार म्हणतात. ४० फुटांपर्यंतची असेल तर साधं क्लास सी चालतं. ४०च्या वर ४५ फुटांपर्यंत नॉन-कमर्शियल क्लास बी, एन्डोर्समेंटसह. म्हणजे पंधरा टनांच्या घरातली चाळीस फुटी डिझेल बस कालपर्यंत होंडा सिव्हिक चालवणारा माणूस कायद्याने चालवू शकतो, पण १०,५००चा ट्रॅव्हल ट्रेलर ओढू शकत नाही.

माझं स्पष्ट मत, ही सवलत जरुरीपेक्षा सैल आहे. कायद्याने परवानगी दिली म्हणून हात बसलेला असतो असं नाही. भाड्याने घेताय तर पहिला तास रिकाम्या पार्किंगमध्ये घालवा. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांपलीकडचा भाग, वळताना बाहेर फेकला जातो, तो डोळ्यांनी बघा. मगच हायवेला लागा.

निळाई

ट्रेलर घेऊन दुसऱ्या राज्यात गेलं तर तिथले लायसन्सचे नियम लागतात का? आम्ही नेवाडा, युटा, आयडाहो असं जातो.

सॅक्रामेंटो_काका

तुम्ही राहता त्या राज्याचं, त्या गाडीसाठी योग्य असलेलं वैध लायसन्स असेल तर दुसरी राज्यं प्रवाशाचं लायसन्स मानतात. मात्र वेग, लांबी, ब्रेक, किती ट्रेलर जोडायचे हे रस्त्याचे नियम जिथे चालवताय तिथलेच पाळायचे. काही राज्यांत फिफ्थ व्हीलच्या मागे बोटीचा ट्रेलर जोडलेला दिसेल. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सीवर एकापेक्षा जास्त गाड्या ओढता येत नाहीत.

ऑस्टिनकर

काका, चांगलं समजलं. मग माझाही प्रश्न. कंपनी मला सॅन होजेला हलवण्याच्या बेतात आहे. माझा फिफ्थ व्हील १४,५००चा आहे, ट्रकचं रेटिंग ११,३००. इथे बेरीज २५,८०० होते, म्हणून क्लास सी. तिकडे आलो की?

सॅक्रामेंटो_काका

प्रवासी म्हणून आलात तर तुमचं टेक्सासचं चालेल. राहायला आलात की कॅलिफोर्नियाचं लायसन्स घ्यायला फक्त दहा दिवस असतात. टेक्सास नव्या रहिवाशाला नव्वद देतं, त्यामुळे तिकडून येणाऱ्यांना हे ध्यानात राहत नाही. डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या लायसन्स कार्यालयात, क्लास सीचा अर्ज भरतानाच फिफ्थ व्हीलच्या एन्डोर्समेंटची लेखी परीक्षा देऊन टाका. डीएमव्हीची आरव्ही आणि ट्रेलरवरची वेगळी पुस्तिका आहे, ती वाचून जा. प्रश्न त्यातलेच असतात.

स्टीअरिंग_सखी

नमस्कार. मी सॅन डिएगोची. नॉन-कमर्शियल क्लास ए काढलेल्या बायका आपल्या लोकांत फार नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितेय.

अर्ज, आरोग्याची प्रश्नावली म्हणजे डीएल ५४६ फॉर्म, लेखी परीक्षा, आणि मग प्रत्यक्ष परीक्षा. ती प्रश्नावली दर दोन वर्षांनी पुन्हा भरायची असते, हे बरेच जण विसरतात. प्रत्यक्ष परीक्षेला ट्रक आणि ट्रेलर आपलाच न्यावा लागतो, आणि तो त्या क्लासमध्ये बसणारा हवा. शिकाऊ परमिटवर असताना शेजारी त्या क्लासचं लायसन्स असलेली व्यक्ती लागते. आपल्या ओळखीत असा माणूस मिळणं हीच पहिली कसोटी. मला आमच्या कॅम्पग्राउंडवरच्या एका निवृत्त शेजाऱ्यांनी मदत केली, स्वतः बाजूला बसून यायचे.

परीक्षेत सगळ्यात जास्त घाम फुटतो तो गाडीच्या तपासणीला. परीक्षक उभे राहतात आणि आपण एकेक भाग हात लावून, नाव घेऊन दाखवायचा. हे टायर, हे व्हील नट, हा ब्रेकअवे स्विच (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा), ही सात पिनांची वायर, हे दिवे. घरी नवऱ्याला परीक्षक करून मी हे मोठ्याने म्हणत असे. चालवण्यापेक्षा याचा फायदा जास्त झाला, कारण आजही दर वेळी निघण्याआधी मी त्याच क्रमाने ट्रेलरभोवती फिरते. एकदा याच फेरीत एका टायरच्या आतल्या बाजूला आलेला फुगा दिसला. रस्त्यावर तो फुटला असता तर चाकावरची फायबरची भिंतही गेली असती.

भटकंतीताई, क्लास एला घाबरून चांगला ट्रेलर सोडू नका एवढंच सांगायचं होतं. वेळ लागतो, पण होतं.

भटकंती_फ्रीमॉन्ट

सखी, वाचून धीर आला. तरी सध्या फिफ्थ व्हीलकडे झुकतोय आम्ही. एका लेखी परीक्षेत काम होतंय म्हटल्यावर नवरा खूश आहे. आजच बुक करू म्हणतोय.

सॅक्रामेंटो_काका

थांबा. पैसे भरू नका अजून. लायसन्स सुटलं म्हणजे ट्रक सुटला असं नाही.

तुमच्या ट्रकचं चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असेल, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. तो पेलोड. तो आकडा इथे टाका, मग बोलू.

भटकंती_फ्रीमॉन्ट

आत्ताच बघून आले. २,३१० पौंड.

सॅक्रामेंटो_काका

मला हीच शंका होती. आता हिशेब करू.

फिफ्थ व्हीलच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा जोडणीच्या पिनवरून थेट ट्रकच्या हौद्यात येतो. १३,९९५चे वीस टक्के म्हणजे २,८००. तुमचा पेलोड इथेच संपून वर पाचशे पौंड झाले. अजून हिचचे दोनशे, तुम्ही पाचजण मिळून सातशे, टूलबॉक्स, कूलर वगैरे दीडशे. एकूण ३,८५०. या ट्रेलरला एक टनी ट्रक लागेल, आणि बहुतेक मागे दुहेरी चाकांचा.

ट्रॅव्हल ट्रेलरचं गणित वेगळं. तिथे जिभेवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यावर, दहा ते पंधरा टक्के वजन येतं. १०,८००ला बारा टक्के धरले तर १,३००, वजन विभागणारा हिच शंभर, माणसं सातशे, इतर दीडशे. २,२५०. जेमतेम बसतं. पण त्याला क्लास ए.

विक्रेता ओढण्याच्या क्षमतेचा आकडा दाखवेल, अठरा हजार वगैरे. इंजिन ओढेल हो, त्यात शंका नाही. पण मागचा आस, स्प्रिंग आणि टायर यांनी वजन पेलायला हवं. घाट उतरताना पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंगला पकड राहत नाही. आय-५ वर ग्रेपव्हाइनच्या उतारावर सहा टक्के घसरण आहे, मैलोन्मैल. तिथे हे फार लवकर कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

वाट_चुकलेला_पांथस्थ

म्हणजे जो लायसन्सला सोपा तो ट्रकला जड, आणि जो ट्रकला झेपतो त्याला मोठं लायसन्स. मोठीच पंचाईत आहे.

स्टीअरिंग_सखी

अगदी. म्हणूनच आधी पेलोड, मग ट्रेलर, मग लायसन्स या क्रमाने जावं. लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात, कारण ट्रेलरचं स्वयंपाकघर बघून मन बसतं.

ताई, ९,९९५ किंवा त्याखालचा ट्रॅव्हल ट्रेलर बघा ना. बारा टक्के म्हणजे १,२००, एकूण २,१५०च्या आसपास. ट्रकलाही चालेल, साधं क्लास सीही चालेल. लांबी तीस फुटांच्या आसपासची मिळते, बंक बेड असलेली सुद्धा. मात्र पिवळ्या स्टिकरवरची सामानाची मर्यादा नीट बघा. काही ट्रेलरांत ती इतकी कमी असते की पाण्याची टाकी भरली की संपते. पाणी गॅलनला आठ पौंडांच्या वर असतं. साठ गॅलनची टाकी म्हणजे पाचशे पौंड.

लेस्टरची_माई

इंग्लंडमधून डोकावतेय. आमच्याकडे उलटा प्रवास झालाय. १ जानेवारी १९९७ नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांना मोठा कॅराव्हॅन ओढायला वेगळी बी+ई परीक्षा द्यावी लागायची. १६ डिसेंबर २०२१पासून ती अट ग्रेट ब्रिटनमध्ये काढून टाकली. आता साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. उत्तर आयर्लंडला मात्र ही सवलत नाही.

वेगाची मर्यादा आहेच: मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर उजवीकडच्या शेवटच्या लेनमध्ये जायचं नाही. परीक्षा गेली तरी मी आमच्या लेकाला एक दिवसाचं टोइंग प्रशिक्षण घ्यायला लावलं. परीक्षा नसली म्हणून शिकायचं नाही असं थोडंच आहे?

म्युनिक_मिसळ

जर्मनीत तीन पायऱ्या आहेत. साध्या क्लास बीवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर, किंवा त्याहून जड ट्रेलर पण गाडी-ट्रेलर मिळून ३,५०० किलोच्या आत. बी९६ घेतलं तर मिळून ४,२५० किलोपर्यंत. त्याला परीक्षा नाही, सात तासांचा वर्ग करावा लागतो. त्यावर बीई, प्रत्यक्ष परीक्षेसह. मला बी९६ची कल्पना फार आवडली. परीक्षेची धास्ती नाही, पण प्रत्येकाला ट्रेलर मागे घ्यायला लावतात. असा वर्ग अमेरिकेत सक्तीचा असता तर बरं झालं असतं.

सिंहगड_रोड

पुण्याहून. अवांतर आहे, पण विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सची रेषा ७,५०० किलोची. मालवाहू गाडी त्या वजनाच्या आत असेल तर वेगळं ट्रान्सपोर्ट एन्डोर्समेंट लागतं का, यावर वर्षानुवर्षं विमा कंपन्या कोर्टात भांडत होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की लागत नाही. म्हणजे लायसन्सचा क्लास आणि विमा यांचा वाद इथेही सुटायला केवढा काळ गेला बघा.

राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आहे. कोकणात अशा गाड्या उभ्या करायला नीट जागा झाल्या तर आम्हीही या धाग्यावर प्रश्न विचारायला येऊ.

निळाई

विम्यावरून आठवलं. ट्रक ओढत असताना ट्रेलरमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर सहसा ट्रकच्या लायबिलिटीत येतं, पण ट्रेलरच्या स्वतःच्या नुकसानीला वेगळी पॉलिसी लागते. पॉलिसी घेताना स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव व लायसन्सचा क्लास एजंटला लेखी कळवा. अपघातानंतर समोरच्याचा वकील लायसन्सचा क्लास बघणारच.

भटकंती_फ्रीमॉन्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. एका लहानशा प्रश्नावर इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

फिफ्थ व्हीलचा बेत रद्द. ९,९९५च्या आतला ट्रॅव्हल ट्रेलर शोधतोय. एक बघितलाही, स्टिकर वाचून आणि फोटो काढून. सामानाची मर्यादाही चांगली आहे.

अजून दोन प्रश्न आहेत. मुलं म्हणतात आम्ही मागे ट्रेलरमध्ये झोपून येऊ. आणि योसेमिटी आणि ग्लेशियर या राष्ट्रीय उद्यानांत इतका लांब ट्रेलर चालतो का?

सॅक्रामेंटो_काका

मुलांना ठाम नाही म्हणा. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल ट्रेलर ओढला जात असताना आत माणूस बसवायला कायद्याने मनाई आहे. फिफ्थ व्हीलला काही अटींवर सूट आहे: सुरक्षित काच, चालकाला इशारा देण्याची सोय, आतून-बाहेरून उघडणारं दार. पण मी तिथेही बसवणार नाही. आत सीटबेल्ट नाही, फर्निचर स्टेपल मारून बसवलेलं असतं.

योसेमिटी व्हॅलीत ट्रेलरला ३५ फुटांची मर्यादा आहे, आणि तेवढ्या लांबीच्या जागा थोड्याच आहेत, तेव्हा आरक्षण करताना त्या जागेची लांबी बघा. ग्लेशियरचा गोइंग-टू-द-सन रस्ता मात्र अव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब आणि ८ फुटांपेक्षा रुंद गाड्यांना बंद आहे. आरसे आणि बंपर धरून. ट्रेलर तर जाणारच नाही, पण लांब हौद्याचा क्रू कॅब ट्रक एकटाही बसत नाही. ट्रेलर खाली कॅम्पग्राउंडवर ठेवून जायचं असेल तर आधी ट्रक टेपने मोजा.

आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेग ताशी ५५ मैल, फलक ७०चा असला तरी. लेन उजवीकडचीच. एका दिशेला चार किंवा जास्त लेन असतील तर उजवीकडच्या दोन. मागचे लोक हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

स्टीअरिंग_सखी

ताई, जोडणीबद्दल थोडं लिहिते, कारण विक्रेते डिलिव्हरीच्या दिवशी हे घाईघाईत उरकतात.

कपलर (जिभेच्या टोकाची वाटी) ट्रकच्या हिचवरच्या बॉलवर बसला, खटका लागला आणि त्यात पिन घातली, की जॅकने ट्रेलरची जीभ पुन्हा थोडी वर उचलून बघा. ट्रकचा मागचा भागही तिच्याबरोबर वर आला पाहिजे. कपलर बॉलवरून सुटला तर तो बसलाच नव्हता. मग साखळ्या: जिभेखाली एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर जीभ रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडते. ब्रेकअवेची बारीक वायर साखळीला किंवा काढता येणाऱ्या हिचला अडकवू नका. तो हिचच निसटला तर वायर ओढलीच जाणार नाही आणि ट्रेलरचे ब्रेक लागणार नाहीत. ती ट्रकच्या पक्क्या भागाला स्वतंत्र लावा. शेवटी ताशी दहा मैलांच्या वेगाने पुढे जाऊन ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या यंत्राची) चिमटी हाताने दाबा. फक्त ट्रेलरने ट्रकला मागे ओढल्याचं जाणवलं पाहिजे.

मागे घेताना हात स्टीअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं, हात त्या बाजूला. आणि दिसत नसेल तर उतरून बघा, कितीही वेळा.

भटकंती_फ्रीमॉन्ट

सखी, हे छापून ट्रकच्या कप्प्यात ठेवतेय.

एक ठरवलंय. सध्याच्या ट्रेलरला लागत नसलं तरी नॉन-कमर्शियल क्लास एची पुस्तिका आणली आहे, आणि परमिट मीच काढणार आहे. नवऱ्याला दोन-दोन दिवस एकट्याने चालवावं लागू नये, आणि आई सोबत असताना आम्हा दोघांनाही सगळं यायला हवं. प्रत्यक्ष परीक्षेला १०,०००च्या वरचा ट्रेलर कुठून आणायचा हा प्रश्न आहेच. बे एरियात कोणाकडे असेल आणि सोबत बसायला तयार असाल तर कृपया विपू (विचारपूशीत निरोप) करा.

स्टीअरिंग_सखी

विपू केली आहे. सॅन होजेजवळच्या आमच्या ओळखीतल्या एका काकूंकडे १२,००० वाला आहे आणि लायसन्सही. आधी तुमच्याच ट्रेलरवर मागे घेण्याचा सराव करून ठेवा, रविवारी सकाळी शाळेचं मैदान रिकामं असतं तेव्हा. शाळेची परवानगी घेऊन, चार कोन सोबत नेऊन.